उगवतीला झुकलेली पत्ती

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे झाले की आमच्या रस्त्याच्या बाभळींना कापूस लागतो. बाभळीला कापूस लागत नाही एवढं मलाही कळतं. वरवट बकालकडून येणारी वाहनं इतकी फुगवून भरलेली असतात की वाटेतल्या काट्यांना त्यातला थोडा वाटा द्यावाच लागतो. पूर्वी बैलगाड्या होत्या, आता ट्रॅक्टर आहेत. काट्यांचा वाटा तेवढाच आहे. माझ्या वाळत घातलेल्या लुगड्यावर पांढरं तूस येऊन बसतं. सुनेला वाटतं मला त्याचा त्रास होतो. होतोच, शिंका येतात. पण शिंकांच्या मागोमाग एक जुना हंगाम येतो आणि मग त्या दिवशी भाजीत मीठ एक तर दोनदा पडतं, नाहीतर पडतच नाही.

तो लढाईच्या दिवसांतला हंगाम. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. कचेरीचे कागद नागपूरला जात आणि तिकडेच कुठंतरी हरवत. लढाई नेमकी कुठं चालली आहे हे शेगावात फार कुणाला सांगता आलं नसतं, पण चालली आहे हे लोखंडावरून कळायचं. खिळा मिळेना, पत्रा मिळेना. कापसाच्या जिनातली सरकी काढायची यंत्रं विलायतेची, त्यांचे सुटे भाग विलायतेहून येणारे, आणि ते येणं बंद. यंत्रं मात्र कुणाची वाट बघत नाहीत. ती झिजायची तशी झिजत होती. मग मोडलेला भाग इथंच बनवायचा, आणि तो बनवणारा माणूस म्हणजे आमचे हे.

हे जिनात टर्नर होते. टर्नर म्हणजे लेथवर काम करणारा, आणि लेथ म्हणजे लोखंडाला गरगर फिरवून त्याची साल काढायचं यंत्र. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी मला हे असंच समजावून सांगितलं होतं, आणि मी म्हटलं होतं की मग बटाटे सोलायला का नाही वापरत. त्यावर ते हसले नव्हते. लेथबद्दल ते थट्टा चालवून घेत नसत, बाकी कशाचीही केलेली चालायची.

त्या वर्षी हंगाम सुरू होता होताच तापलेला एक बारीक कीस उडाला आणि त्यांच्या डाव्या डोळ्यात गेला. खामगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा डोळा गेला. उजवा शाबूत आहे, पण त्यालाही सूज आहे, काही महिने धूसर दिसेल. निवळला तर निवळला. डॉक्टर हे अशा सुरात म्हणाले की जणू पाऊस पडला तर पडला. उजव्या डोळ्यातून सारखं पाणी यायचं. माणसं ओळखू यायची, ताटातली भाकरी दिसायची, पण तिच्यावरचा मिठाचा खडा दिसायचा नाही.

जिनाचे मॅनेजर वाईट माणूस नव्हते. त्यांनी निरोप पाठवला, की फाटकावर बसा, आल्या-गेल्या गाड्या बघा, चाकरी सुटणार नाही. निरोप घेऊन आले रशीदभाई, जिनातले फिटर आणि ह्यांचे सोबती. ओसरीवर बसून चहाचा कप हातात फिरवत त्यांनी निरोप सांगितला आणि लगेच खाली बघितलं.

हे म्हणाले, "रशीद, मी टर्नर आहे. फाटकावर एकदा बसलो तर मले कोनी पुन्हा लेथवर उभं करन का?"

"नाही करनार," रशीदभाई म्हणाले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"मंग नाही बसत."

एवढंच झालं. पण मी आत चुलीशी बसून ऐकत होते आणि मला कळलं, की हा प्रश्न पोटाचा नाही. पोट फाटकावर बसूनही भरलं असतं. या माणसाला आपण कोण आहोत हे सांगायला एकच शब्द येत होता, आणि तो शब्द जायला निघाला होता. मला तेव्हा फार भीती वाटली. डोळा गेला तेव्हाही इतकी वाटली नव्हती.

आमच्या घरामागच्या छपरीत सासऱ्यांनी भंगारातून आणलेला एक लहान लेथ होता. शिवणयंत्रासारखा पायानं चालायचा. रशीदभाईंनी तोड काढली. यंत्राच्या हलत्या पातीच्या पिना सारख्या झिजत होत्या. बोटाएवढ्या जाड, वीतभर लांब. ते म्हणाले, झिजलेली पीन आणि लोखंड मी तुमच्याकडे आणून देतो, तुम्ही घरी करा, काम बघून साहेब काय म्हणतात ते बघू. हे तयार झाले. त्यांचा हिशेब साधा होता. माप घ्यायचं बोटांनी, कापणं ओळखायचं कानांनी. टूल नीट कापत असलं की तळणीत पुरी पडल्यासारखा एक सारखा आवाज येतो, बिघडलं की किरकिरतं. यात डोळ्याचं काम थोडंच आहे.

ते थोडं काम कुठं आहे हे पहिल्याच दिवशी कळलं. टूलची उंची लावण्यात.

कापणाऱ्या टूलचं टोक फिरणाऱ्या कामाच्या, म्हणजे त्या दांड्याच्या, बरोबर मध्याच्या उंचीवर पाहिजे. खाली राहिलं तर ते रुततं आणि काम त्याच्या डोक्यावर चढू बघतं. वर गेलं तर कापायचं सोडून नुसतं घासतं. दांड्याचं अंग कापताना थोडंफार निभावून जातं, पण दांड्याचं तोंड, म्हणजे टोकाची बाजू, सपाट करताना लपवता येत नाही. टूल कडेपासून कापत कापत मध्यापर्यंत येतं, आणि उंची चुकली असेल तर ऐन मध्यात एक बारीक गोल ठिपका न कापता तसाच उरतो. जिनात त्याला टिकली म्हणत. मला हे कुठं ठाऊक. मी दाराशी तांदूळ निवडत बसले होते, तेवढ्यात हे पिनेच्या तोंडावर बोट फिरवून चिडून म्हणाले, "टिकली राह्यली!"

माझा हात कपाळावर गेला. टिकली होती, जागच्या जागी. मग म्हटलं, राहिली तर बरंच झालं की, ओरडता कशाला?

तेव्हा त्यांनी मला ती पिनेवरची दाखवली. अपघातानंतर त्यांना पहिल्यांदा हसू आलं ते त्या दिवशी. मीही हसले, आणि हसता हसता मला रडू यायला लागलं म्हणून आत निघून गेले.

उंची बघायची एक युक्ती आहे. पत्र्याची पातळ सरळ पत्ती घ्यायची, ती गोल दांडा आणि टूलचं टोक यांच्यामध्ये अलगद चिमटायची. पत्ती आपोआप उभी राहते. अगदी सरळ उभी राहिली तर टूल मध्यावर आहे. वरचं टोक काम करणाऱ्या माणसाकडे झुकलं तर टूल खाली आहे, त्याखाली पत्र्याचा तुकडा घालायचा. पलीकडे झुकलं तर टूल वर आहे, तुकडा काढायचा. इतकं साधं. पण समोर उभ्या माणसाला आपल्याकडचा आणि पलीकडचा कल ओळखायला दोन चांगले डोळे लागतात, आणि ह्यांच्याकडे अर्धा होता. लेथच्या टोकाशी कुणी उभं राहिलं, तर त्याला पत्ती बाजूनं दिसते आणि कल लगेच कळतो. तर मी टोकाशी उभी राहिले. तांदूळ तसेच राहिले.

"पत्ती कोनीकडे झुकली?"

"इकडे."

"इकडे म्हंजे कोनीकडे?"

"माझ्याकडे नाही. भिंतीकडे."

"भिंती चार हायेत बाई!"

उजवीकडे-डावीकडे करून बघितलं. माझं उजवं त्यांचं उजवं नव्हतं. तुमच्याकडे-तिकडे करून बघितलं. रस्त्यावरच्या गाड्यांच्या खडखडाटात ‘तु’ आणि ‘ति’ एकच ऐकू यायचं. शेवटी मी वैतागून म्हटलं, "उगवतीले झुकली! उगवतीले!" शेतात आम्ही असंच सांगतो. विळा कुठं ठेवला, तर मावळतीच्या बांधावर. त्यात कुणाचं उजवं-डावं येत नाही. छपरीचं दार उगवतीला, आणि उजेड खांद्यावरून कामावर पडावा म्हणून हे दाराकडे पाठ करून उभे राहत. तेव्हा उगवतीला झुकली म्हणजे त्यांच्याकडे झुकली, टूल खाली. मावळतीला गेली म्हणजे टूल वर.

"हां," हे म्हणाले. "असं सांग न मंग."

तेव्हापासून आमची तीच भाषा झाली. उगवतीले, इवलीशी. मावळतीले, बरीच. सरळ. ‘सरळ’ म्हणताना मला जो आनंद व्हायचा तो मी कुणाला सांगितला नाही. सांगून हसंच झालं असतं, की हिला पत्ती उभी राहिली म्हणून आनंद होतो.

चुका झाल्या. टूलखाली घालायला पत्रे संपले तेव्हा मी विड्यांच्या कट्ट्याचा कागद दुमडून दिला. पत्ती सरळ उभी राहिली, बोल्ट आवळला, आणि पिनेवर पुन्हा टिकली. आवळल्यावर कागद दबतो आणि टूल खाली बसतं. लोखंड दबत नाही. मग नियम झाला, की आवळून झाल्यावर पुन्हा एकदा पत्ती लावायची. आजही मला बरणीचं झाकण लावल्यावर पुन्हा एकदा फिरवून बघायची सवय आहे. सून म्हणते, आई, लागलंय ते. लागलेलं असतंच. बघायला काय जातं?

गल्लीत कुजबुज झाली. बाई नवऱ्याबरोबर छपरीत बसून लोखंड करते. जिनात शेकडो बाया तोंडाला फडकं बांधून यंत्रात कापूस टाकत होत्या, त्यांचं कुणाला काही वाटत नव्हतं. माझं वाटलं, कारण मी नुसती उभी राहून बघत होते. बाईनं राबावं, पण तपासू नये, असा काहीतरी लोकांचा हिशेब असावा. मी कुणाशी भांडले नाही. मला टूल लावून मग भाकरी टाकायच्या असायच्या.

पिना चांगल्या होत होत्या आणि तीच पुढं अडचण झाली. मॅनेजरना शंका आली. ज्याला ताटातलं मीठ दिसत नाही, तो इतकं सफाईचं काम कसं करतो? दुसऱ्या कुणाकडून करून घेऊन हा स्वतःचं म्हणून देत असेल. रशीदभाई सांगत आले.

"वहिनी, काम चोख आहे. पन साहेबाले शक आहे. म्हन्तात, जिनात येऊन मायासमोर एक पीन कर म्हना. झाली तं हंगामभर लेथ तुमचा. नाही झाली तं फाटक."

"आन बिघडली तं?" ह्यांनी विचारलं.

"चांगल्या लोखंडाचा एकच दांडा उरला आहे," रशीदभाई म्हणाले. "बिघडली तं दुसरी करून पाह्यता येत नाही."

हे माझ्याकडे वळले. मग मला म्हणाले, "तुले यावं लागन."

मी आले तर सगळ्यांना कळेल की उंची मी बघते, हे त्यांनाही माहीत होतं. तरी म्हणाले. मला त्या क्षणी त्यांचा इतका अभिमान वाटला की मी सरळ पिशवीत पत्ती आणि पत्र्याचे तुकडे भरायला लागले.

जिनात आम्ही सकाळी गेलो. हवेत इतकं तूस होतं की माणसांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. ओल्या सरकीचा उग्र गोडसर वास, आणि सगळ्यांवर यंत्रांचा घडघडाट. फिटरखोलीतला लेथ आमच्याएवढाच लहान होता, फक्त पायाऐवजी छताखाली फिरणाऱ्या आसावरून आलेल्या पट्ट्यानं फिरायचा. मॅनेजर खुर्ची टाकून बसले. मी लेथच्या टोकाशी उभी राहिले तेव्हा त्यांनी रशीदभाईंकडे बघितलं. रशीदभाई म्हणाले, "त्यायचा डोया आहे तो साहेब, राहू द्या." मॅनेजरनी काम सुरू करायची खूण केली.

ह्यांनी दांडा पकडला, टूल बसवलं, पत्ती चिमटली. मी बघितलं. थोडी झुकली होती.

"उगवतीले, इवलीशी," मी मोठ्यानं सांगितलं.

ह्यांनी टूलखाली पातळ तुकडा घातला, बोल्ट आवळला, पुन्हा पत्ती लावली. झुकाव कमी व्हायला हवा होता, तो वाढला.

"अजून उगवतीले," मी म्हटलं. "जास्त झाली."

त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी आणखी एक तुकडा घातला. पत्ती आता चांगलीच कलली. मी बघत राहिले. असं कसं होतंय? ज्यानं सरळ व्हायचं त्यानंच वाकडी होते आहे. मॅनेजर खाकरले. खोलीच्या दाराशी कापसावाल्या बाया जमल्या होत्या.

"सांग न! सरळ झाली का?"

"नाही. उगवतीलेच."

"पाहून राह्यली का झोपून राह्यली?" ह्यांनी जाड तुकडा घातला, बोल्ट करकचून आवळला, आणि या वेळी पत्ती लावलीच नाही. त्यांना वाटलं असणार, की आता उंची आलीच असेल, आणि आणखी चाचपडलो तर साहेब म्हणतील ह्याला काम येत नाही. टोक दांड्याला टेकवून ते खाली वाकले. कान कामाजवळ, तोंड कामाजवळ, तो एकुलता एक डोळा कामाजवळ. आणि हात लेथ सुरू करायला पट्टा चढवायच्या दांडीकडे गेला.

वाकले तेव्हा त्यांच्या तोंडावर ऊन पडलं. दारातून येणारं सकाळचं पिवळं ऊन.

घरी ऊन त्यांच्या पाठीवर असायचं.

इथला लेथ उलट्या तोंडाचा होता. इथं उगवत त्यांच्या पाठीशी नव्हती, समोर होती. मी उगवतीले म्हणत होते ते खरंच होतं, पत्ती उगवतीलाच झुकत होती. पण इथं त्याचा अर्थ पलीकडे, टूल वर. आणि ते ऐकत होते घरचा अर्थ, की टूल खाली. मी सांगत गेले, ते टूल चढवत गेले. आता टोक मध्याच्या इतकं वर होतं की पट्टा चढताच ते तुटलं असतं आणि तुकडा उडाला असता तो थेट त्यांच्या चेहऱ्यावर.

"अवो!" मी ओरडले.

त्या घडघडाटात ‘अवो’ कुणाला ऐकू जाणार? आणि गेलं तरी ‘अवो’ म्हणजे कोण? खोलीत इतकी माणसं होती. "अवो, ऐकलं का!" दांडी हलली. पट्टा सरकायला लागला.

"महादेव!"

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. दाराशी उभ्या असलेल्या बायांनी झटकन हात जोडले. "महादेवा, सांभाळ रे," त्यातली एक म्हणाली. रशीदभाईंनी माझ्याकडे वळून बघितलं. मॅनेजर खुर्चीतून अर्धे उठले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, घाबरू नका, पट्ट्याचा आवाज होतोच."

ह्यांचा हात मात्र दांडीवर थांबला होता. पट्टा निम्म्यावर होता, तो त्यांनी मागं सरकवला. मग ते सरळ उभे राहिले आणि मी होते त्या बाजूला तोंड करून नुसते बघत राहिले.

मी जवळ गेले आणि हळू म्हटलं, "इथं उगवत तुमच्या समोर आहे."

त्यांनी तोंड वर केलं. ऊन डोळ्यांवर घेतलं. बोल्ट ढिला केला, घातलेले सगळे तुकडे काढले आणि सुरुवातीचाही एक काढला. पत्ती लावली. ती सरळ उभी राहिली. आवळून पुन्हा लावली. सरळ. पट्टा चढला, आणि तो पुरी तळल्यासारखा आवाज खोलीभर भरला.

पिनेचं तोंड झालं तेव्हा मॅनेजरनी त्यावर अंगठा फिरवला. मध्यात काही लागलं नाही. त्यांनी पीन उजेडाकडे धरली, पुन्हा अंगठा फिरवला आणि रशीदभाईंना म्हणाले, "उद्यापासून यांना इथंच येऊ द्या." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "दोघांना." शंका आली होती याबद्दल ते काही बोलले नाहीत, आणि आम्हीही काही काढलं नाही.

त्या होळीच्या आसपास ह्यांचा उजवा डोळा निवळला. पत्ती त्यांना स्वतःला दिसायला लागली, भाकरीवरचं मीठही. तरी पुढं कितीतरी हंगाम छपरीतून हाक यायची, "पाह्य बरं जरा," आणि मी पिठाच्या हातानं जाऊन टोकाशी उभी राहायचे. गरज नसताना का बोलावता, असं मी कधी विचारलं नाही. हे जाऊन आता बरीच वर्षं झाली. लेथ मुलानं विकला. विकला ते बरंच झालं, गंजत पडण्यापेक्षा कुणाच्या कामाला आला.

पण त्या दिवशी जिनातून घरी येताना मी पुढं चालत होते. रीत बायकोनं मागं चालायची, पण त्या हंगामात रस्त्यातले खड्डे मलाच दिसत होते. गाड्यांची रांग लागली होती, बैल कडबा खात उभे होते. मला धास्ती वाटत होती. चार माणसांत नवऱ्याचं नाव घेतलं, तेही ओरडून. माझ्या आईनं तर असं काही ऐकून अन्न सोडलं असतं. गाड्या संपल्या, मोकळा रस्ता लागला, तेव्हा मागून आवाज आला.

"काऊन वं, तू मघा कोनाले बोलावलं? देवाले का मले?"

मी मागं वळले नाही. तोंड लाल झालं होतं ते त्यांना दिसणार नव्हतं, तरी वळले नाही.

"जो थांबला त्याले," मी म्हटलं.